सात नंबरचा दुसरा टप्पा

आमच्या कॉलेजचं बास्केटबॉलचं ग्राउंड यंदा सिमेंटचं झालं. उद्घाटनाची पत्रिका माझ्या हुडकेश्वरच्या पत्त्यावर आली, ती मी दारातच उभ्या उभ्या वाचली आणि फाडायलाच निघाले होते. पाहुण्या म्हणून कोण येणार ते खाली छापलं होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. सोळा वर्षं मी ते तोंडातून काढलेलं नाही, आता चाळिशी जवळ आल्यावर कशाला काढू? माझ्या लेखी ती सात नंबर. पांढऱ्या बनियनवर निळा सात, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि हातात रुमाल. त्या रुमालापासूनच सगळं सुरू झालं.

गेले मात्र. न जाऊन सांगते कोणाला? तासभर आधीच जाऊन उभी राहिले. समोर राखाडी गुळगुळीत फरशी, त्यावर पिवळ्या रंगाचे पट्टे, रिंगला कोरी जाळी. मी चप्पल काढून आत गेले, वाकले, हात टेकवला, हाताचा वास घेतला. कसलाच वास नव्हता. चौकीदार माझ्याकडे पाहत राहिला, बाईचं काही हरवलं असावं असं त्याला वाटलं असेल.

आमचं ग्राउंड मातीचं होतं. नागपुरात महालाच्या मागच्या अंगाला दोन जुन्या इमारतींच्या मध्ये, आणि पूर्वेच्या कुंपणापलीकडे गवळ्याचा गोठा. दिवाळी सरली की माती अशी भुकटी व्हायची की दहा मिनिटांच्या खेळात पोरींच्या भुवया पांढऱ्या. म्हणून सोनाबाईनं, म्हणजे आमच्या कॉलेजच्या शिपाईणबाईनं, एका वर्षी अंगण सारवतात तसं अख्खं ग्राउंड सारवून टाकलं. धूळ बसली आणि रिवाज पडला. मॅचच्या आदल्या दिवशी तास सुटले की पोरी पायजमे गुडघ्यापर्यंत खोचून एका ओळीत बसायच्या. शेण, पांढरी माती, पाणी. सोनाबाई मागून फिरायची आणि म्हणायची, "हात एकाच अंगानं फिरवा वं पोरीहो, नाही तं उद्या चेंडू नाराज होते." ओळ मागे मागे सरकत जायची, आणि समोर अर्धगोलावर अर्धगोल उमटत जायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा पडल्या की मला ते ग्राउंड इतकं देखणं वाटायचं की त्यावर पाय ठेवणाऱ्या पोरींचाच हेवा वाटायचा.

मी टीममध्ये नव्हते. चार फूट नऊ इंच उंचीच्या मुलीनं बास्केटबॉलची हौस कशी करायची? काठावर बसून. पण काठावर बसायचं ते मी मन लावून बसले. सत्तर सालानंतरचे ते दोन हिवाळे माझ्या डोक्यात कॉलेज म्हणून नाहीतच, मॅचेस म्हणून आहेत. शहरातली सहा कॉलेजं, प्रत्येकाची प्रत्येकाशी एक मॅच, एका वर्षी यांच्या ग्राउंडवर तर पुढच्या वर्षी त्यांच्या. आमची मॅच नसली तरी मी सायकल मारत जायची. सीताबर्डीच्या चढावर दम लागायचा, स्वेटरच्या आत घाम आणि कानाला थंडी. गोठ्यातून शेणाच्या बादल्या आणायचं काम माझं. फक्कीची दोरी धरायचं काम माझं. आणि हाफ टाइमला ताटात संत्र्याच्या फोडी घेऊन फिरायचं कामही माझं, कारण यजमान कॉलेजनं दोन्ही टीमला संत्री द्यायची हा नागपूरचा अलिखित कायदा होता. साल नखानं उकलताना जो फवारा उडायचा, तो डोळ्यात गेला की चुरचुरायचं. त्या दोन वर्षांत माझ्या डाव्या हाताला शेणाचा वास होता आणि उजव्या हाताला संत्र्याच्या सालीचा. साबणानं दोन्ही जात नसत आणि जावेत असं मला वाटतही नसे.

आणि चेंडूचा आवाज. सिमेंटवर तो टणटणतो. सारवलेल्या मातीवर तो धप, धप असा यायचा, जड आणि शांत. डोळे मिटून मी आवाजावरून सांगायची कोण खेळून राहिलं आहे. सर्वांत एकसारखा आवाज सुशीलाचा होता.

सुशीला आमची कॅप्टन. इंदोऱ्याकडून सायकलवर यायची, वडील मिलमध्ये, छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. उंच, सावळी, बोलायला कमी. तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या आईनं मला भिंतीतली एक नवी खुंटी दाखवली होती. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली की मरून रंगाचा ब्लेझर मिळतो, असं सुशीलानं घरी सांगितलं होतं. खुंटी त्या ब्लेझरसाठी. "छत्रीबी नाही टांगू देत त्यावर," सुशीला म्हणाली. आई हसली, पण खुंटी रिकामीच होती.

पहिल्या हिवाळ्यात सिव्हिल लाइन्सचं कॉलेज आमच्याकडे यायचं होतं. आदल्या दिवशी सारवण झालं. दुपारी चारला त्यांची गाडी आली. गाडीतून आधी सात नंबर उतरली, ती त्यांची कॅप्टन, आणि उतरताच तिनं रुमाल नाकाला लावला. बाकीच्या पोरी कॅप्टनकडे पाहायच्या, मग त्यांनीही लावले. सुशीला हात मिळवायला पुढे गेली. सात नंबरनं त्या हाताकडे पाहिलं आणि रुमालामागून विचारलं, "हात धुतले आहेत ना?"

मी शेजारीच फक्कीचं डबडं घेऊन उभी होते. सुशीलाचा हात तसाच पुढे होता, किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण मला तो अजून दिसतो. मग सात नंबर पंचांकडे गेली. इथे श्वास घेता येत नाही सर, माझ्या मुलींना उलट्या होतील, आम्ही खेळणार नाही. मोठ्या माणसांची कुजबुज झाली. निर्णय असा झाला की मॅच दुसऱ्या दिवशी त्यांच्या सिमेंटवर, आणि तुमच्या ग्राउंडची पाळी पुढच्या वर्षी. आमच्या पी.टी.च्या बाई "बरं सर" म्हणाल्या. त्या "बरं सर"साठी मी बाईंनाही बरेच दिवस माफ केलं नव्हतं.

आमच्या पोरी अनवाणी खेळायच्या. मातीवर बूट लागत नाहीत आणि बूट होते कोणाकडे? दुसऱ्या दिवशी त्या खरबरीत सिमेंटवर पहिल्या दहा मिनिटांत तळव्यांची सालटं निघाली. आम्ही अकरा पॉइंटांनी हरलो. सुशीला धावायची तिथे तिथे लालसर ठिपके पडले होते, आणि मॅच संपताच त्यांच्या शिपायानं आमच्या डोळ्यांदेखत त्यावर फडकं मारलं. परत येताना मी सायकलवर रडून राहिली होती. सुशीला सायकल हातात धरून चालत होती, पायडलवर पाय ठेववत नव्हता.

"तुले काहीच वाटत नाही काय वं?" मी चिडून विचारलं.

"वासाचं आमच्या घरी नवं नाही," ती म्हणाली. "माह्या बापाच्या गावात लोक वास न घेताच नाक दाबत." आणि थोडं पुढे गेल्यावर, "पुढच्या वर्षी येतीनच ना आपल्याकडे. तवा पाहू."

तिनं एवढ्यावर सोडलं. मी नाही सोडलं. मी दोनशे पानी वही घेतली.

दुसऱ्या हिवाळ्यात मी सिव्हिल लाइन्सची एकही मॅच चुकवली नाही. त्यांच्या पोरींना वाटायचं ही बुटकी आमची फॅन आहे, एकदा एकीनं मला हसून हातही केला. मी वहीत सात नंबरची प्रत्येक हालचाल उतरवली. तिचा एक डाव होता आणि तो कोणाला अडवता येत नव्हता. डावीकडून निघायची. पहिला टप्पा लांब, दुसरा टप्पा एकदम खाली, जमिनीलगत, तिथे गपकन थांबायची आणि शॉट. रोखणारी पोरगी पुढे निघून गेलेली असायची. दुसरा टप्पा दर वेळी त्याच जागी. मी रेघा मोजून काढलं, रिंगपासून सात पावलं मागे आणि तीन डावीकडे. असा अभ्यास मी परीक्षेचा केला असता तर आज मी कोणी वेगळीच असते.

वही मी सुशीलाला दाखवली. तिला पहिल्यांदा हसू आलं, मग तिनं ती वाचली, मग पुन्हा वाचली. त्या दिवसापासून संध्याकाळी ग्राउंड रिकामं झालं की ती पश्चिमेच्या रिंगवर तोच डाव करायला लागली. मी बाजूला उभी राहून सांगायची, दुसरा टप्पा अजून खाली, अजून थोडी आत. ती स्वतः कायम उजवीकडून खेळणारी, डावा हात तिचा हळू चालायचा. महिन्याभरात तिला तो जमला. "तिचाच डाव तिलेच दाखवतो," ती म्हणाली. एवढाच सूड तिला हवा होता.

मला एवढ्यानं भागत नव्हतं. माझ्या डोक्यात ती विचारणा, "हात धुतले आहेत ना", रोज सकाळी उठायची. त्या वर्षी दोन्ही कॉलेजांनी चार-चार मॅच जिंकल्या होत्या, शेवटची आमची आणि त्यांची, आमच्या मातीवर. विद्यापीठाच्या टीमचे दोन निवडकर्ते बघायला येणार हेही कळलं. आदल्या दिवशी सारवताना मी सुशीलाशेजारी बसले आणि हळूच सांगितलं, की सात नंबरच्या दुसऱ्या टप्प्याच्या जागी खाली थोडं उकरून कुटार, म्हणजे गोठ्यातला भुसा, भरलं, वरून सारवलं, तर चेंडू तिथेच बसेल. कोणाला पत्ता लागणार नाही.

सुशीलाचा हात थांबला नाही. एकाच अंगानं फिरत राहिला. "नाही," ती म्हणाली. "मले साफ जितायचं आहे. आपण खोट केली न् जितलो, तं त्या म्हणतीन, पहा, आमाले माहीतच होतं ह्याईचं. मी त्याईले ते म्हणू देणार नाही."

"कोणाले समजणार आहे?"

"मले समजन ना."

मी "बरं" म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सोनाबाई झाडायला यायच्या आधी, मी खुरपं घेऊन गेले.

ताटलीएवढा खड्डा. वीतभर खोल. गोठ्यातलं कुटार आणि राख कालवून त्यात भरली, वरून शेणाचा जाड थर, हात एकाच अंगानं. कुठल्या रिंगजवळ करायचा हे मी आधीच ठरवलं होतं. ग्राउंड पूर्व-पश्चिम. चार वाजताच्या मॅचमध्ये दुसऱ्या हाफला ऊन उतरतं आणि पश्चिमेकडे खेळणाऱ्यांच्या डोळ्यात जातं. रिंग पहिल्यांदा निवडायचा मान पाहुण्यांचा, आणि आमच्याकडे येणारं प्रत्येक कॉलेज दुसऱ्या हाफसाठी पूर्वेची रिंग राखून ठेवायचं. ऐन वेळेला, शेवटच्या मिनिटाला, सात नंबरचा चेंडू बसायला हवा होता. म्हणून खड्डा पूर्वेला. दोन वर्षं काठावर बसून मी हेच तर शिकले होते, आणि स्वतःवर इतकी खूश होते की येताना गोठ्यातल्या वासरालाही कुरवाळलं.

दुपारी ढग आले. नागपूरच्या हिवाळ्यात असे दोन-चार दिवस येतात, सावली ना ऊन, सगळं करडं. सारवण नीट वाळलं नव्हतं, वास उग्र होता. सात नंबर रुमाल लावूनच उतरली. पंचांनी रिंग विचारली. तिनं आभाळाकडे पाहिलं, ऊन नव्हतंच, आणि बोट दाखवून म्हणाली, "आधी ही." पूर्वेची.

माझा सगळा हिशोब दुसऱ्या हाफचा होता. ठीक आहे, पहिल्या हाफला तर पहिल्या हाफला. आणि खरंच, पाचव्या मिनिटाला ती डावीकडून निघाली, पहिला टप्पा, दुसरा टप्पा, आणि चेंडू वर आलाच नाही. ती हात पुढे करून मोकळ्या हातानं उभी. आमच्या पोरींनी चेंडू पळवला. अजून एकदा तसंच झालं. मातीचं ग्राउंड, चेंडू कधीमधी बसतो, कोणाला नवल वाटलं नाही. मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. तिनं रागानं जमिनीवर पाय आपटला आणि बुटाला शेण लागलं, तेव्हा तर मी सोनाबाईचा दंड इतका दाबला की ती म्हणाली, "अवं, सोड ना पोरी." हाफ टाइमला आम्ही तीन पॉइंटांनी पुढे होतो.

मी ताट घेऊन निघाले. आता रिंगा बदलणार, पूर्वेकडे आमच्या पोरी खेळणार. सुशीला जमिनीवर पाय पसरून बसली होती, श्वास लागलेला, कपाळाला केस चिकटलेले. मी ताट तिच्यापुढे धरलं. एवढंच म्हणायचं होतं, तिकडे डावीकडून जाऊ नको. पण ती विचारणार, काहून? आणि मग तिला सांगावं लागणार, आणि ती उठून सरळ पंचांकडे जाणार, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. मॅच रद्द. सात नंबर हसत गाडीत बसणार. मी स्वतःला समजावलं, सुशीला उजवीकडून खेळते, नेहमीच खेळते. तिनं दोन फोडी उचलल्या. "जितू आज," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि ताट पुढे नेलं.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी गाठलं आणि शेवटच्या मिनिटाला एका पॉइंटनं पुढे गेल्या. चेंडू सुशीलाच्या हातात आला तेव्हा घड्याळवाल्या सरांनी शिट्टी तोंडात धरलेली होती. उजवीकडे त्यांच्या दोघी आडव्या आल्या. समोर सात नंबर. आणि सुशीला डावीकडे वळली.

मी उभी राहिले. ओरडणारच होते, पण काय ओरडायचं? पहिला टप्पा लांब. सात नंबरला स्वतःचाच डाव समोर दिसला, ती क्षणभर गोंधळली आणि पुढे निघून गेली. रिंगपर्यंत कोणी नव्हतं. दुसरा टप्पा खाली, जमिनीलगत, मी शिकवला होता तसा, सात पावलं मागे आणि तीन डावीकडे. धप असा आवाज आलाच नाही. ओल्या पोत्यावर काहीतरी पडल्यासारखा एक आवाज आला आणि चेंडू तिथेच बसला. सुशीलाचे हात शॉटसाठी वर गेले होते. रिकामे.

शिट्टी झाली. त्यांच्या पोरी नाचू लागल्या. सात नंबर जाताना थांबली, रुमाल जरा बाजूला करून म्हणाली, "शेणावरून हात घसरला वाटतं." सुशीला चार पावलं मागे आली आणि अनवाणी पाय त्या जागेवर ठेवला. तळव्यानं दाबून पाहिलं. मग तिनं मान वर केली आणि काठावरच्या एवढ्या पोरींमधून नेमकं माझ्याकडे पाहिलं.

ती पंचांकडे गेली नाही. आता गेली असती तर हरल्यावर खोट काढते असं लोक म्हणाले असते, आणि माझं नाव सांगावं लागलं असतं. निवडकर्ते खुर्च्यांवरून उठताना एक जण बाईंना म्हणाला, "खेळते चांगली, पण ऐन वेळेला हात सुटतो हिचा." ते सगळ्यांनी ऐकलं. ब्लेझर आमच्या कॉलेजात आला नाही.

सगळे गेल्यावर सुशीलानं सोनाबाईकडून बादली मागून घेतली. ओलं कुटार हातानं उपसून काढलं, माती भरली, टाचेनं ठोकली आणि त्यावर सारवलं.

"मी करू लागू?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी नीट वागली, बोलली, हसली, पण त्या विषयावर चकार शब्द नाही. कॉलेजभर एकच वाक्य झालं होतं, सुशीलाच्या हातून चेंडू सुटला. कँटीनमध्ये, गॅदरिंगला, पुढल्या वर्षी नव्या आलेल्या पोरींमध्येसुद्धा. मी दर वेळी तिथे असायची, आणि दर वेळी गप्प बसायची. आत मात्र सात नंबरला शिव्या देत असायची. हिनं रुमाल धरला नसता तर, हिनं दुसरी रिंग घेतली असती तर. सगळं तिच्यामुळे. हे बोलणं मनात इतकं सोपं जायचं की दुसरं काही बोलायला जागाच उरायची नाही.

सुशीला पुढे नरखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली. दर हिवाळ्यात तिच्याकडून काटोलच्या एसटीनं माझ्यासाठी संत्र्यांची पिशवी यायची, कंडक्टरच्या हाती, आणि आत एक पोस्टकार्ड. खुशाली, पोरांची तब्येत, आणि शेवटी दर वर्षी तीच ओळ: ग्राउंड कसं आहे? मी उलट टपाली लिहायची, ग्राउंड ठीक आहे. पहिल्या वर्षी मला वाटलं ती विसरली. तिसऱ्या वर्षी वाटलं, ही मला सतावून राहिली आहे. मग संत्री सोलताना हात थांबायला लागले. तरी मी लिहीत राहिले, ठीक आहे.

तर उद्घाटन. मांडव, माइक, सत्कार. सुशीला आली होती, मागच्या रांगेत, सुती साडी, केस कानांपाशी पांढरे झालेले. मी तिच्या शेजारी बसले. सात नंबर कुठल्याशा साहेबांची बायको झाली आहे, अंगानं भरली आहे, पण मान तशीच. नारळ फोडून झाल्यावर ती बोलायला उभी राहिली. "आमच्या वेळी इथे शेणाचा वास यायचा, आम्ही अक्षरशः रुमाल धरून खेळलो आहोत," ती म्हणाली, आणि मांडव हसला. "आणि शेवटच्या सेकंदाला यांच्या कॅप्टनच्या हातून चेंडू सुटला. त्या इथे आल्या आहेत असं कळलं. ताई, त्या विजयाबद्दल थँक्यू." टाळ्या पडल्या. सुशीलाही हसली, सवयीनं.

मी केव्हा उभी राहिले मला कळलं नाही. "तिच्या हातून काही सुटलं नाही," मी म्हणाले. माइक नव्हता, पण माझा आवाज मोठा आहे. "तिथे खड्डा होता. तो मी केला होता, तुमच्यासाठी. पहिल्या हाफला तुमचा चेंडू दोनदा बसला तो त्याच्यापायी. तुमचा डाव तिनं तुमच्यावरच उलटवला होता. ती मॅच तुम्ही जिंकली नाही."

सोळा वर्षांनी तिचा चेहरा उतरलेला पाहायला मी श्वास धरून उभी होते. तिनं थोडा विचार केला आणि माइक जवळ घेतला. "म्हणजे आमच्यासाठी खड्डा खणला होता," ती गोड आवाजात म्हणाली, "आणि तरी आम्ही जिंकलो. मला माहीत नव्हतं आम्ही इतक्या चांगल्या होतो." आता जो हशा पिकला तो आधीच्यापेक्षा मोठा होता. पुढच्या रांगेतल्या पोरी वळून वळून माझ्याकडे पाहत होत्या. मी खाली बसले.

सुशीलाला पाचची गाडी होती. मी तिच्याबरोबर स्टँडवर गेले. काटोलची गाडी लागायची होती, आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो.

"सांगितलं ना शेवटी," मीच म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगितलं."

"हाव," ती म्हणाली. "तिच्या रागापायी सांगितलं. माह्यासाठी नाही."

गाडी लागली, लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरायला लागले. ती उठली नाही.

"ग्राउंड कसं आहे म्हणून दरवर्षी विचारत होती मी तुले. एक ओळ लिहायची होती. मी ते कार्ड आईले वाचून दाखवलं असतं." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "मागच्या उन्हाळ्यात गेली ती. शेवटपर्यंत ती खुंटी काढू नाही देली तिनं. पडल्या पडल्या पाहे तिच्याकडं, न् मले विचारे, हात काहून सुटला बाई तुहा?"

"तू सांगायचं होतं तिला," मी म्हणाले.

"मी कशी सांगू? तू मैत्रीण होती माही. तूच सांगशीन, मले वाटे."

कंडक्टरनं घंटी मारली. ती चढली, खिडकीची जागा मिळाली नाही, त्यामुळे गाडी निघताना मला ती दिसली नाही.

हुडकेश्वरला परतले तेव्हा शेजारच्या गोठ्यात धारा काढणं चाललं होतं. शेणाचा तोच वास. मी पायरीवर बसून पोस्टकार्ड लिहिलं. पत्ता इंदोऱ्याच्या घराचा घातला, तिथे आता तिचा भाऊ राहतो, पण नाव तिच्या आईचं लिहिलं. कार्ड भरायला निघाले होते, सगळं लिहायचं होतं, रुमाल, रिंग, ढग. दोन वेळा पेन टेकवलं आणि उचललं. शेवटी दोनच ओळी लिहिल्या. आई, तुमच्या सुशीलाचा हात सुटला नव्हता. खड्डा मी केला होता. खाली माझं नाव घातलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. सात नंबरचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता.